आधी झालेल्या कामाची नोंद

मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरासाठी जाते. वेगाने धावणारे पाणी खळबळते. त्याची गती क्षणोक्षणी बदलते. हा गोंधळ गणितात कसा धरावा, हा पदार्थविज्ञानातला जुना, अवघड प्रश्न आहे. १९६७ साली जॉन लम्ली यांनी एक रीत सुचविली: खळबळीतले मूळ आकार वेगळे काढावेत आणि ज्यांत ऊर्जा अधिक, ते आधी घ्यावेत. थोडक्याच आकारांत बरीचशी खळबळ सापडते.

या रीतीमागचे गणित कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावे चालत आले. त्यांचे लेखन १९४५ ते १९४८ या काळातले. परंतु पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते १९४३ सालीच, ऐन महायुद्धात, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले होते. आता अनेक जाणकार कोसंबींचे नाव पहिले घेतात.

मंडळी, मस्टरावर नोंद नसली की केलेल्या कामाची मजुरी बुडते. विद्येतही तसेच आहे. म्हणून संशोधकाने नव्या कामाला हात घालण्यापूर्वी जुनी नियतकालिके, आपल्याकडचीसुद्धा, चाळावीत. त्याने स्वतःचे श्रम वाचतात आणि दुसऱ्याच्या श्रमांचे श्रेय त्याच्या पदरात पडते.