तांगहुलू आणि आजीचा पाक



मुलाच्या नोकरीमुळे हिवाळ्याचे दोन-अडीच महिने माझा मुक्काम दुबईला असतो. घरात दोन नातवंडे. नात अकरा वर्षांची, नातू सात वर्षांचा. मराठी दोघांनाही समजते, पण बोलायला लागली की निम्मे शब्द इंग्रजीतून येतात. एका सोमवारी नात शाळेतून आली आणि दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात शिरली. "आजी, मला तांगहुलू करायचा आहे." मला ऐकू आला टांगा! म्हटले, बाई गं, इथे दुबईत घोडा कुठून आणू?

मग तिने समजावून सांगितले. तिच्या वर्गात एक चिनी मुलगी आहे. तिची आजी बांबूच्या काडीला फळे टोचते, वरून साखरेचा पाक चढवते, आणि तो काचेसारखा कडक होतो. दाताखाली कुर्रकन मोडतो. शुक्रवारी इथे शाळा अर्धा दिवस असते, तेव्हा तीन मैत्रिणी आमच्याकडे येणार होत्या, त्यांत ती चिनी मुलगीसुद्धा. आणि आमची नात सांगून बसली होती, "माझ्या आजीला साखरेतलं सगळं येतं."

आता आली का पंचाईत! मी आयुष्यात चिकाचा हलवा घोटला, करंज्यांचे सारण केले, तिळाचे लाडू वळले. पण हा तांगहुलू माझ्या बापजन्मी पाहिला नव्हता.

मंगळवारी आम्ही केला आणि तो साफ फसला. मी आपला गोळीबंद पाक केला, कारण त्याहून घट्ट पाक मला लाडवालाही कधी लागला नाही. द्राक्षे बुडवली, ताटात ठेवली. वाट पाहिली. पाक कडक होईना. चिकटच राहिला, दाताला आणि टाळ्याला धरून बसला. माझी तर कवळीच बाहेर यायची राहिली. सून म्हणाली, फ्रीजमध्ये ठेवून बघू. तासाभराने दार उघडले तर ताटात गोड पाण्याचे तळे आणि त्यात ओली द्राक्षे! नातीचे तोंड एवढेसे झाले. नातवाने मात्र ते पाणी चमच्याने संपवले.

त्या रात्री मी विचार केला. कडक होणारा पाक आपल्याकडे कुठला? चिक्कीचा! लोणावळ्याची चिक्की आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. माझी आई घरी शेंगदाण्याची चिक्की करायची, तेव्हा वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकायची. थेंब मऊ राहिला तर "अजून थांब." हातात घेऊन मोडल्यावर कट्ट असा आवाज आला की गॅस बंद. म्हणजे मला येत नव्हते असे नाही. मी वाटेत आधीच उतरले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला ड्रॅगन मार्टला नेले. हा चिनी मालाचा बाजार २००४ साली सुरू झाला. जवळजवळ सव्वा किलोमीटर लांब आहे आणि त्याचा आराखडा ड्रॅगनसारखा वळणावळणाचा. चालून माझे गुडघे बोलायला लागले. तिथे बांबूच्या काड्या मिळाल्या आणि साखरेच्या पाकात बुडवायचा थर्मामीटरही मिळाला. थर्मामीटर हा नातीचा हट्ट. मी म्हटले, पाक काय तापाने फणफणलाय? पण पुढे तोच कामाला आला.

त्या संध्याकाळी जे झाले ते मोठ्यांनी नीट वाचावे. पाक उकळत होता. मी सवयीने चमचा वर केला आणि तार बघायला अंगठा आणि बोट त्याच्याकडे नेले. पन्नास वर्षांची सवय ती. नातीने माझे मनगट धरले आणि ओरडली, "आजी, नको! एकशे चाळीस आहे!" पाणी उकळते १०० अंशांवर. एकतारी पाक आपण चमच्यावर जरा निवू देऊन बोटांत धरतो, तो जेमतेम १०५ च्या आसपासचा. हा त्याच्या किती पुढे! आणि उकळते पाणी अंगावरून ओघळून तरी जाते, पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. त्या पोरीने माझी बोटे वाचवली.

मग आम्ही दोघींनी बसून एक कागद केला. ती आकडे सांगे, मी नावे सांगे. एकतारी १०५, दोनतारी ११०, मऊ गोळी ११५, घट्ट गोळी १२५. आणि पुढे चिक्कीचा, म्हणजे तांगहुलूचा, १५०. आकडे एक-दोन अंशांनी इकडे-तिकडे होतात, पण अंदाजाला पुरे. तिने "दोनतारी" हा शब्द देवनागरीत स्वतः लिहिला, वेलांटी चुकवून. तो कागद अजून फ्रीजवर लावलेला आहे.

बालमित्रांनो, आता या नावाची गंमत. चिनी भाषेत तांग म्हणजे साखर आणि हुलू म्हणजे भोपळा, तो बाटलीसारखा, मधे बारीक असलेला. वर लहान फळ आणि खाली मोठे फळ टोचले की तसा भोपळा दिसतो ना? पूर्ण नाव बिंगतांगहुलू. बिंग म्हणजे बर्फ, आणि बिंगतांग म्हणजे आपली खडीसाखर! उत्तर चीनमध्ये, बीजिंग-तिआन्जिनकडे, हा थंडीतला खाऊ. विक्रेता खांद्यावरच्या काठीला गवताचा पेंढा बांधतो आणि त्यात या लाल काड्या खोचून फिरतो. मूळ फळ शानझा नावाचे, लाल आणि चांगलेच आंबट. चिनी लोक दंतकथा सांगतात की सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका सम्राटाची राणी आजारी पडली, काही खाईना. वैद्याने शानझा साखरेत शिजवून द्यायला सांगितले आणि ती बरी झाली. खरे-खोटे कोण जाणे! पण दुसरी गोष्ट चिनी इतिहासात नोंदलेली आहे. इ. स. ६४७ मध्ये चीनच्या सम्राटाने साखर करायची रीत शिकायला आपली माणसे भारतात, मगध देशात, पाठवली होती. आणि हिंदीत साखरेला म्हणतात चिनी! म्हणजे पाक इथून तिथे गेला आणि नाव तिथून इथे आले. माझ्या नातीला हे फारच आवडले.

आता कृती. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब. लिंबू चवीसाठी नाही. त्याने पाकाची पुन्हा साखर होत नाही. जाड बुडाचे, लहान आणि खोल पातेले घ्या. साखर विरघळेपर्यंत ढवळा, आणि त्यानंतर चमचा अजिबात घालू नका. ढवळले की दाणे धरतात आणि सगळा पाक पांढरा, रवाळ होतो. मध्यम आचेवर मला वीसेक मिनिटे लागली. सुरुवातीला रेंगाळतो, आणि १४० नंतर एकदम धावतो, तेव्हा फोन आला तरी उचलायचा नाही. १५० ला गॅस बंद. १६० च्या पुढे तांबूस होऊन कडवटपणा येतो. थर्मामीटर नसेल तर वाटीत बर्फाचे पाणी घ्या आणि माझ्या आईसारखा थेंब टाका.

फळ मात्र कोरडे हवे. आमच्या मंगळवारच्या फजितीतला अर्धा दोष ओल्या द्राक्षांचा होता. धुऊन, पुसून, पंख्याखाली तासभर ठेवा. फोडी केलेले फळ नको, रस सुटतो. हिवाळ्याच्या शेवटी इथे नाशिकची द्राक्षे येतात, ती सर्वांत चांगली. इजिप्तची स्ट्रॉबेरीही मिळते. संत्र्याच्या फोडी सालपट न फाडता घेतल्या तर चालतात. मला स्वतःला पटले ते बोर. इथे सिद्र नावाचे काटेरी झाड जागोजागी दिसते. त्याच्या फळाला अरबीत नबक म्हणतात आणि ते आपल्या बोरीच्याच कुळातले. आंबटगोड फळावर गोड कवच, हीच तर शानझाची मजा. फक्त बी काढूनच टोचा. तू बिश्वातच्या ताटातही अशी एखादी काडी शोभेल. यात दूध-तूप नाही, जिलेटीन नाही, त्यामुळे कुठल्याही जेवणानंतर चालते.

काडी पाकात तिरकी धरून एकदा फिरवायची, जास्तीचा पाक निथळू द्यायचा आणि तेलाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटात ठेवायची. दोन-तीन मिनिटांत टकटक वाजते. हे बुडवण्याचे काम मोठ्यांचेच. मुलांनी फळे पुसावी आणि टोचावी. २०२३ साली दक्षिण कोरियात मुलांना याचे इतके वेड लागले की त्यांच्या साखर खाण्याचा विषय तिथल्या संसदेत निघाला. घरी करताना मुले भाजल्याचेही प्रकार झाले. कोणी भाजलेच तर वीस मिनिटे नळाखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, चिकटलेला पाक ओढून काढू नका. जास्त असेल तर इथे रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे. पाच वर्षांखालच्या बाळांना अख्खे द्राक्ष देऊ नये, घशात अडकते.

दुबईची हवा दमट, तेव्हा हे करायचे ते हिवाळ्यातच, खिडक्या लावून, एसी चालू ठेवून. फ्रीजचे नाव काढू नका. केले की पंधरा-वीस मिनिटांत खाऊन मोकळे व्हा. उन्हाळ्यात इथे साखरेच्या डब्यातही पाणी सुटते, तिथे हा बिचारा काय टिकणार!

शुक्रवारी मैत्रिणी आल्या. चौदा काड्या केल्या होत्या, त्यांतल्या दोन नातवाने आधीच पळवल्या. चिनी मुलीने एक द्राक्ष चावले, कुर्र आवाज आला. तिने आमच्या नातीकडे बघून मान डोलावली आणि म्हणाली, माझी आजी यावर तीळ टाकते. मी लगेच डब्यातले भाजलेले तीळ काढून दिले.

मी साखरेच्या गोळ्या घेते, त्यामुळे माझ्या वाट्याला एकच द्राक्ष. कवळीवाल्यांनी चावू नये. मी ते वाटीत ठेवून लाटण्याने हलकेच फोडले आणि चघळले. पातेल्याला लागलेला पाक घासत बसू नका, दगड झालेला असतो. पाणी भरून उकळा, आपोआप सुटतो. आम्ही त्या गोड पाण्यात लिंबू पिळून सगळ्यांना सरबत केले.