केंद्राचा पैसा : महाराष्ट्राला किती, मध्य प्रदेशाला किती?

केंद्राचा पैसा शेजारच्या राज्याला जास्त मिळतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिच्यात तथ्य किती?

१५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्रीय करांतील राज्यांच्या वाट्यापैकी मध्य प्रदेशाला ७.८५ टक्के, तर महाराष्ट्राला ६.३१७ टक्के हिस्सा ठरविला. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या मात्र अनुक्रमे सुमारे ७.२६ व ११.२४ कोटी होती. याचे मुख्य कारण असे, की वाटपाच्या सूत्रात ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातील तफावतीला होता. उत्पन्न कमी, तेवढा हिस्सा अधिक.

योजनांचे गणित वेगळे असते. ठिबक सिंचनाच्या केंद्र पुरस्कृत योजनेत दोन्ही राज्यांना ६०:४० हेच प्रमाण लागू आहे. अल्प व अत्यल्प भूधारकास मंजूर मापदंडाच्या ५५ टक्के अनुदान मिळते. म्हणजे १०० रुपये खर्चामागे केंद्राचे ३३ व राज्याचे २२ रुपये. दोन्ही वाटे वेळेवर पडले, तरच पूर्ण रक्कम हाती येते.

म्हणून नाशिकच्या द्राक्ष व कांदा उत्पादकांनी अनुदान रखडल्यास केवळ दिल्लीकडे बोट दाखवू नये. कोणता हिस्सा यावयाचा आहे, याची तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी व मागणी त्याच दारी न्यावी.