बीजगणिताचा पेपर आणि रात्रीचे जागरण

उन्हाळी सत्राच्या परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यात कॉलेजच्या मुलामुलींची संख्या वाढू लागते. कुणाचे डोके दुखते, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाला अन्नच जात नाही. तपासून पाहिले तर बहुतेकांच्या शरीरात दोष सापडत नाही. मग मी विचारतो, "पेपर कोणता?" उत्तर येते, गणित, आणि त्यातही बीजगणित. "काल किती झोपलास?" "तीन तास." दुखण्याचे मूळ येथेच हाती लागते.

बीजगणितात एक पायरी मनात धरून दुसरी लिहावी लागते. मेंदूची ही तात्पुरत्या स्मरणाची पाटी फार लहान असते. क्ष² − ४क्ष + ३ = ० हे साधे समीकरण घ्या. उत्तरे १ आणि ३. पण एक उणे चिन्ह हुकले की पुढचे सारे गणित चुकते. झोप अपुरी असेल किंवा मनात धास्ती असेल, तर ही पाटी आधीच अर्धी भरलेली असते. येत असलेले गणित ऐनवेळी चुकते ते यामुळेच.

ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हाता-डोळ्यांची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. म्हणजे सकाळी सहाला उठलेल्या मुलाची ही अवस्था रात्री अकरालाच होते. मुलाला दारू पाजून परीक्षेला कोणी पाठवणार नाही, पण "रात्रभर बस, पण पुरे कर" असे मात्र आपण सहज म्हणतो! शिवाय दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच होते. या वयात सात-आठ तास झोप हवीच. पावस, लांजा, जाकादेवीहून पहाटेच्या एस.टी.ने येणाऱ्यांनी तर रात्री लवकर दिवा मालवावा.

मग अभ्यास कधी करावा? परीक्षेपूर्वी तीन आठवडे रोज दीड तास द्यावा. सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. वही मिटून कोऱ्या कागदावर ते स्वतः सोडवावे, अडेल तेथेच वही उघडावी. एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग करण्यापेक्षा निरनिराळे प्रकार मिसळून करावेत. अमेरिकेत रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली दाखवून दिले की, अशा मिश्र सरावात सुरुवातीला चुका जास्त होतात, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत हीच मुले पुढे जातात. आणि ताळा पाहण्याची सवय लावावी : वरील समीकरणात उत्तरांची बेरीज ४, गुणाकार ३. जुळले, पुढे चला.

आता पथ्यपाणी. चहातील कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही शरीरात उरू शकतो, म्हणून दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. आपल्याकडच्या दमट उकाड्यात घाम फार जातो. पाणी, ताक, कोकम सरबत घेत राहावे. पेपरच्या सकाळी उपाशी जाऊ नये, मऊ भात किंवा पेज उत्तम. झोप उडवणाऱ्या किंवा छातीची धडधड थांबवणाऱ्या गोळ्या मित्राकडून कधीही घेऊ नयेत. धडधडीवरच्या काही गोळ्या दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतात.

पालकांनाही चार शब्द. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, याचा आपल्या जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. पण त्यांचे किंवा शेजारच्या मुलाचे नाव घेऊन पोराला टोचू नये. टोमण्याने गणित येत नाही, फक्त भीती वाढते. भीती फारच वाटत असेल तर पेपरपूर्वी दहा मिनिटे ती कागदावर उतरवून काढावी. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ सालच्या प्रयोगात याने घाबरट मुलांचे गुण सुधारले होते.

मूल आठवडाभर झोपत नसेल, जेवण टाकत असेल, एकलकोंडे झाले असेल किंवा "जगून काय करू" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. राहिलेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा देता येतो, हे मुलाला घरातल्या माणसांनी आपल्या तोंडाने सांगावे, आणि तेही निकालाच्या आधी.