कौटुंबिक छायाचित्रातील मुद्रा : मांडणी आणि टचिंग

घराच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राला मराठीत ‘तसबीर’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘तस्वीर’वरून आलेला आहे. परभणी जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील सहाव्या निजामाने आपले दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) ह्यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला होता आणि त्यातही तोच धातू आहे. ‘छायाचित्र’ हा शब्द मात्र संस्कृतातून घडविलेला. मूळ ग्रीक घटकांतील ‘प्रकाश’ बाजूस ठेवून मराठीने ‘छाया’ पत्करली, आणि संस्कृतात ‘छाये’ला सावली, प्रतिबिंब व अंगकांती असे तिन्ही अर्थ आहेत. आईचे किंवा आजोबांचे छायाचित्र चांगले यावे म्हणून जी खटपट केली जाते, ती ह्या तीन अर्थांच्या बाहेर फारशी जात नाही.

प्रथम सावलीचा विचार. परभणी शहर सुमारे १९° १६′ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी माथ्यावर येतो. ह्यांपैकी पहिला काळ ऐन लग्नसराईचा. सारे कुटुंब एकत्र जमलेले असते व चित्रे बहुधा तेव्हाच घेतली जातात. परंतु माथ्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. मांडवात जावे तर तांबड्या-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांना आपला रंग देतो. ह्याला उपाय घरातच आहे. ओसरीत, छताखाली, पण कडेपासून हातभरच आत, चौकाकडे तोंड करून माणसाला बसविले म्हणजे उजेड समोरून आणि किंचित बाजूने येतो. अंधाऱ्या बाजूस एखादे धुतलेले पांढरे धोतर टांगले तरी तेवढ्याने सावली सौम्य होते. स्टुडिओतील महागडी छत्री ह्याहून वेगळे काही करीत नाही.

अंतराचेही तसेच. नाकाचे टोक कानांपेक्षा चार-पाच इंच पुढे असते. यंत्र चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरले तर हा फरक मोठा ठरतो, नाक फुगते आणि कान मागे हटतात. पाच-सहा फुटांवरून तो नगण्य होतो. मोबाइल जवळ नेऊन घेतलेल्या चित्रात ‘हा आमचा बाबा वाटतच नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. हा दोष पुढे टचिंगने काढणे कठीण. तो चार पावले मागे सरून टाळावा हेच बरे.

कांतीचा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा उगम छायाचित्रणाच्या रसायनात आहे. एकोणिसाव्या शतकातील काचांना निळा व जांभळा प्रकाशच कळे. तांबडा आणि पिवळा त्यांना जवळजवळ अंधारासारखा होता. हेरमान फोगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेची संवेदनक्षमता वाढविता येते असे दाखविले आणि सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या. त्यापूर्वीच्या चित्रांत कुंकू काळे दिसते, भगवा फेटा काळवंडतो, गव्हाळ चेहरा आहे त्याहून सावळा होतो आणि त्वचेवरील तांबूस डाग दुप्पट उठून दिसतात. अर्थात टचिंग हा केवळ नटवेपणा होता असे म्हणता येत नाही. काचेने केलेली चूक हाताने दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे प्रथमपासून होते.

ह्या दुरुस्तीचे साधन मात्र एकांगी होते. कारागीर निगेटिव्ह उतरत्या चौकटीवर ठेवी आणि खालच्या आरशातून त्यावर उजेड घेई. मग पृष्ठभागावर राळेचे पातळ रोगण चोळून, सुईसारखे टोक काढलेल्या कठीण पेन्सिलीने तो बारीक ठिपके भरी. निगेटिव्हवर जेथे शिसे चढते, तेथे कागदावरील चित्र उजळते. चेहरा अधिक गडद करावयाचा तर पात्याने थर खरवडावा लागे, आणि ते काम जोखमीचे. हात चुकला की काच वाया. त्यामुळे सोपी वाट नेहमी उजळण्याचीच राहिली. सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळे, देवीचे व्रण ह्यांवर पेन्सिल फिरली, आणि गोरेपणाची हौस असलेल्या समाजाला हे साधन फार मानवले. उजळपणाला संबंधित साऱ्यांचीच संमती असल्यामुळे दुरुस्ती कोठे संपली आणि खुशामत कोठे सुरू झाली हे कोणी विचारले नाही. मोबाइलमधील आज्ञावली आता हेच काम न विचारता, चित्र घेतानाच करून टाकते.

ह्याची किंमत तसबिरीत दिसते. पुष्कळ कुटुंबांत आजी-आजोबांचे स्वतंत्र चित्र नसतेच. लग्नातील समूहचित्रातून किंवा ओळखपत्रावरून चेहरा कापून घेतला जातो, मागचा देखावा बदलतो, आजोबांच्या अंगावर कधीही न घातलेला कोट चढतो. कोट चढविणे ही फार तर गमतीची गोष्ट. पण नातवंडांना ती व्यक्ती त्याच चित्रातून ठाऊक होणार असते. मुरूम, ओरखडा, त्या दिवसाची सूज काढून टाकण्यास हरकत नाही, कारण ती आठ दिवसांत आपोआप गेलीच असती. देवीच्या व्रणांचे तसे नाही. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. त्याआधी ज्यांनी हा रोग भोगला, त्यांच्या घरच्यांनी तो चेहरा व्रणांसहच ओळखला आहे.

गोंदणाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मराठवाड्यातील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर आणि हनुवटीवर असलेले निळसर-हिरवे ठिपके निळ्यालाच जाणणाऱ्या जुन्या काचेवर फिके पडत. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या चेहऱ्यावरील ‘मोको’ कोलोडियनच्या काचेवर असाच नाहीसा होतो, हे छायाचित्रकार मायकेल ब्रॅडली ह्यांनी एकाच व्यक्तीची दोन चित्रे शेजारी ठेवून दाखविले आहे. म्हणजे एकाच कपाळावरचे कुंकू काळे होई आणि गोंदण पुसट. त्यातून जे उरले ते टचिंग करणाऱ्याला, आणि आता संगणकाला, डाग वाटते व काढून टाकले जाते. तेव्हा जुने चित्र दुरुस्तीस देण्यापूर्वी त्याची हात न लावलेली प्रत वेगळी ठेवावी, तिच्या मागे नाव, गाव आणि वर्ष लिहावे; आणि हनुवटीवरचे ठिपके तीन होते की पाच, हे त्या आजीच्या हयात असलेल्या लेकींना विचारून घ्यावे.