डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या वाढीचे व पोषणस्थितीचे मूल्यमापन : दोन तक्त्यांचा प्रश्न

प्रस्तावना

बालकाच्या पोषणस्थितीविषयीचा पहिला निष्कर्ष वजनकाटा आणि वाढीचा तक्ता यांच्या साहाय्याने काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील निरोगी बालकांच्या मोजमापांवर आधारलेली असून आपल्याकडील अंगणवाड्यांमध्ये त्यांचाच उपयोग केला जातो. सर्वसाधारण बालकांसाठी ही मानके पुरेशी आहेत. मात्र ज्या बालकाच्या वाढीची गतीच जन्मतः भिन्न आहे, त्याच्याबाबतीत या तक्त्यावरील बिंदूचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न पालक, अंगणवाडी सेविका आणि आहारतज्ज्ञ या तिघांपुढेही उभा राहतो. प्रस्तुत लेखात डाऊन सिंड्रोमच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाढ वेगळी का असते ?

जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे कारण, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची अतिरिक्त प्रत, दाखवून दिले. या बालकांची उंची कमी असते. धडाच्या तुलनेत हातपाय आखूड असतात, डोक्याचा घेर लहान असतो आणि स्नायूंचा ताण कमी असतो. विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्ययही समवयस्कांपेक्षा कमी आढळतो. स्वीडनमधील २००२ च्या एका अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींची अंतिम सरासरी उंची पुरुषांत १६१.५ सें.मी. आणि स्त्रियांत १४७.५ सें.मी. इतकी आढळली. उंच समजल्या जाणाऱ्या समाजातील हे आकडे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाची व्याप्ती ध्यानात येते.

यासोबतच जवळजवळ निम्म्या बालकांना जन्मजात हृदयदोष असतो. थायरॉईडची न्यूनता, गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यास इजा करणारा सिलिअक विकार आणि गिळण्यातील अडचणी यांचे प्रमाणही अधिक असते. म्हणजेच बालक लहान दिसते, त्यामागे गुणसूत्र असू शकते किंवा उपचार करता येण्याजोगा आजारही असू शकतो. मूल्यमापनाचे खरे काम या दोहोंत भेद करण्याचे आहे.

दोन तक्ते, दोन प्रश्न

डाऊन सिंड्रोमसाठी स्वतंत्र तक्ते उपलब्ध आहेत. अमेरिकेत १९८८ मध्ये क्रॉन्क व सहकाऱ्यांनी ७३० बालकांच्या नोंदींवरून ते तयार केले. पुढे २०१५ मध्ये झेमेल व सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया परिसरातील ६३७ जणांच्या मोजमापांवरून नवे तक्ते प्रसिद्ध केले. तीन वर्षांखालील बालकांची वजनवाढ जुन्या तक्त्यांपेक्षा सुधारलेली त्यांत दिसून आली. हा बदल बोलका आहे. गुणसूत्र तेच असताना वाढ सुधारली, याचा अर्थ पूर्वी ज्याला या अवस्थेचा स्वभाव समजले जात होते, त्यातील काही भाग निश्चितच स्वभाव नव्हता.

विशेष तक्त्याचे स्वरूप येथे नीट समजून घ्यावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेची मानके पोषक परिस्थितीत बालक कसे वाढावे हे सांगतात, तर विशेष तक्ता डाऊन सिंड्रोम असलेली बालके प्रत्यक्षात कशी वाढली एवढेच सांगतो. त्या बालकांत हृदयदोष असलेलीही होती आणि मोठ्या वयात अतिवजन असलेलीही होती. त्यामुळे विशेष तक्त्यावर वजनाचे ५० वे शतमक, म्हणजे पर्सेंटाइल, हे आदर्श वजन ठरत नाही.

केवळ सर्वसाधारण तक्ता वापरल्यास यांतील अनेक बालके खुजी वा कमी वजनाची ठरतात. मग आईला बोल लावला जातो आणि तूप, साखर, बिस्किटे यांचा मारा सुरू होतो. ऊर्जेची गरज मुळात कमी असल्याने हेच खाणे पुढे शाळेच्या वयात स्थूलतेच्या रूपाने उभे राहते. याउलट केवळ विशेष तक्त्यावर विसंबल्यास दुसरा धोका संभवतो. ‘ही मुले अशीच असतात’ हे वाक्य प्रस्तुत लेखिकेच्या मते पहिल्या चुकीहून अधिक घातक आहे, कारण त्यानंतर तपासणीच थांबते.

म्हणून दोन्ही तक्ते ठेवावेत व प्रत्येकाला त्याचाच प्रश्न विचारावा. उंची, वजन व डोक्याचा घेर यांची वाटचाल विशेष तक्त्यावर पाहावी. समजा, आठव्या महिन्यात ५० व्या शतमकावर असलेले बालक विसाव्या महिन्यात १० व्या शतमकाखाली आले, तर त्याचे स्पष्टीकरण गुणसूत्र देऊ शकत नाही. गुणसूत्र दोन्ही वेळी तेच होते. दूध पिताना घाम येतो का, धाप लागते का, ठसका लागतो का, हे विचारावे. हृदय, थायरॉईड व सिलिअक विकार यांची तपासणी करून घ्यावी. उंची थांबून वजन मात्र वाढत असेल, तर थायरॉईडचा संशय प्रथम घ्यावा. स्थूलतेसाठी मात्र नियम वेगळा आहे. दहा वर्षांपुढील मुलांत शरीरातील अतिरिक्त चरबी ओळखण्यास सर्वसाधारण बीएमआय तक्ताच अधिक उपयुक्त ठरतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले व अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनेही ते स्वीकारले. आपल्याकडे यासाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापरता येतात.

मोजमाप व रक्ततपासणी

दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून व त्यानंतर उंची उभे करून मोजावी. या बालकांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. म्हणून डोके फळीला टेकवताना मान जोराने ओढू वा वाकवू नये. गुडघे सैल असल्याने उभे करताना पाय सरळ आहेत याची खात्री करावी.

रक्ताच्या अहवालात एक फसगत संभवते. लोहाची कमतरता असता तांबड्या पेशींचा आकार लहान होतो, हे आपण शिकवतो. परंतु डाऊन सिंड्रोममध्ये या पेशी मुळातच आकाराने मोठ्या असतात. परिणामी लोह कमी असूनही पेशींचा आकार ‘सामान्य’ मर्यादेत राहतो. त्यामुळे फेरिटिनची तपासणी, व दाह आहे की नाही हे पाहण्यासाठी सीआरपी, या दोन्ही कराव्यात.

आहाराचा इतिहास

किती खातो, यापेक्षा कसे खातो हे अधिक विचारावे. तोंडाची पोकळी लहान, जीभ पुढे येणारी, दात उशिरा येणारे. त्यामुळे घरातील मंडळी खिमट, पेज व मऊ वरणभातावरच बालकाला वर्षानुवर्षे ठेवतात. चावण्याचा सराव होत नाही, तंतुमय पदार्थ पोटात जात नाहीत आणि आधीच शिथिल असलेल्या आतड्यांमुळे बद्धकोष्ठता बळावते. पदार्थाचा घट्टपणा टप्प्याटप्प्याने वाढविणे हा येथे आहारोपचारच होय. मात्र ठसका, वारंवार छातीचा संसर्ग अशी लक्षणे असल्यास गिळण्याची तपासणी आधी व्हावी.

ऊर्जेची गरज वयापेक्षा उंचीवरून काढणे सयुक्तिक ठरते. ५ ते ११ वर्षे वयोगटासाठी आहारशास्त्राच्या ग्रंथांत मुलांकरिता प्रति सें.मी. १६.१ व मुलींकरिता १४.३ किलोकॅलरी असे प्रमाण दिलेले आढळते. ११० सें.मी. उंचीच्या मुलीस यानुसार सुमारे १,५७० किलोकॅलरी लागतील. हा आकडा आरंभबिंदू मानावा. पुढील दुरुस्ती वजनाच्या वाटचालीवरून करावी.

सिलिअकचा संशय आल्यास ‘गहू बंद करून पाहू’ असा सल्ला देण्याचा मोह होतो. ज्वारी, नाचणी व तांदूळ घरात असल्याने तो सोपाही वाटतो. परंतु गहू आधीच बंद केल्यास प्रतिपिंडांची तपासणी फसते. आधी तपासणी, मग भाकरी, हा क्रम मोडू नये. जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी बुद्धी वा वाढ सुधारते या प्रचारास शास्त्रीय आधार नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत प्रतिऑक्सिडीकारके व फोलिनिक आम्ल देऊनही लाभ आढळला नाही.

अंगणवाडीतील नोंद

अंगणवाडीतील नोंद सर्वसाधारण मानकांवरच होते व सेविकेस त्यात बदल करता येत नाही. तशी अपेक्षाही करू नये. मात्र २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा समावेश असून अशा बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. तेथे जाताना पालकांनी मागील सर्व वजने व उंची तारखांसह सोबत न्यावीत. एका दिवसाच्या वजनावरून शतमक कळते, घसरण कळत नाही.