गोटमारीची जखम आणि पेप्टाइडची ट्यूब

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव ही गावे जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात आणि पात्रात रोवलेल्या पळसावरचा झेंडा काढायला झुंजतात. दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. गोट्याने कातडी चिरत नाही, हाडावर चेंगरून फाटते. कडा वेड्यावाकड्या, भोवतीचे मांस ठेचलेले, आत वाळू. अशा जखमेचा व्रण पुसण्याचे आश्वासन देणाऱ्या पेप्टाइड क्रीमच्या जाहिराती आता मोबाइलवर येतात. माझ्या मते या ताज्या जखमांचा व्रण कसा उमटेल, हे बरेचसे पहिल्या काही तासांतल्या धुण्यावर आणि टाक्यांवर ठरते. पेप्टाइडची खरी गरज वेगळ्याच रुग्णाला आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. शरीर अशा साखळ्यांतून पेशींना निरोप देते, म्हणून कल्पना पोकळ नाही. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी रक्तद्रवातून वेगळे केलेले जीएचके तांब्याला बांधून ठेवते आणि प्रयोगशाळेत कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चालना देते. पण प्रयोगशाळा आणि माणसाची कातडी यांत मोठे अंतर आहे. व्रण रोखण्यासाठी आणलेले ‘जुविस्टा’ हे टीजीएफ-बीटा-३ प्रथिन सुरुवातीच्या चाचण्यांत आशादायक ठरले आणि २०११ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी झाले. इंटरनेटवर गाजणाऱ्या बीपीसी-१५७ या पेप्टाइडला तर माणसांवरच्या भक्कम चाचण्यांचा आधारच नाही.

यावर कोणी म्हणेल, ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) या वाढीच्या प्रथिनाचे जेल भारतातच बनते, हैदराबादची भारत बायोटेक ते विकते, मग ते डोक्याच्या जखमेला का नको? ५३ अमिनो आम्लांचे हे ईजीएफ मधुमेहींच्या पायावरच्या, महिनोन्‌महिने अडकून पडलेल्या जखमांसाठी आहे. तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो आणि वाढीचे निरोप वाटेतच तुटतात, त्यामुळे बाहेरून भर घालण्यात अर्थ आहे. विशीतल्या धडधाकट पोराच्या जखमेत रक्त गोठतानाच प्लेटलेट हे निरोप सोडतात. त्याचा व्रण जाड होतो तो जंतुसंसर्ग, ताण आणि लांबलेली सूज यांमुळे, तर कधी केलॉइडच्या, म्हणजे व्रण जखमेबाहेर वाढत जाण्याच्या, मूळ प्रवृत्तीमुळे. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: हळद-अंगारा लावूनही डोकी बरी होतातच की! होतात, कारण टाळूला रक्त भरपूर असते आणि व्रण केसांत झाकला जातो. नडगीला ही सवलत नाही. शिवाय मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. खोल, ठेचलेल्या जखमेत ते फोफावतात.

म्हणून दोन्ही काठांवरच्या उपचार केंद्रांत आग्रह धरायचा तो भरपूर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुण्याचा, मेलेल्या कडा कापून काढण्याचा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा. टाके काढायची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी: चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांनी, टाळूचे ७ ते १०, नडगीचे १० ते १४. चेहऱ्यावरचे टाके रेंगाळले तर त्यांच्याच खुणा उरतात, आणि ही चूक कोणतेही क्रीम दुरुस्त करत नाही. जखम मिटल्यावर दोन-तीन महिने सिलिकॉनची पट्टी लावावी, ऊन टाळावे. मात्र सौंसरच्या संत्राबागेत राबणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या तळव्याची जखम महिनाभर भरत नसेल, तर साखर आटोक्यात आणून, पायाचा रक्तप्रवाह तपासून आणि जखमेवरचा भार काढून मग ईजीएफबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.