शुक्रवारचे अडीच तास

कायदे संसद करते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु संसदेपुढे कोणता विषय यावा, तो कोणत्या दिवशी यावा आणि त्यावर किती वेळ बोलले जावे, हे कोण ठरवते, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वास्तविक सभागृहात सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती असेल तर ती वेळ होय. लोकसभेच्या ५४३ सभासदांपैकी प्रत्येकाला काही ना काही सांगावयाचे असते. सरकारचे अंदाजपत्रक, सरकारची विधेयके, प्रश्नोत्तरे आणि तातडीचे विषय यांतून उरलेला वेळ कसा वाटला जातो, आणि मंत्री नसलेल्या साध्या सभासदाच्या पदरात त्यातून काय पडते, हे आज पाहावयाचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. संसदेच्या परिभाषेत जो मंत्री नाही तो प्रत्येक जण खाजगी सभासद होय. तो विरोधी पक्षाचाच असतो असे नाही; सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावर बसणारा सभासदही खाजगीच. महाराष्ट्राच्या विधिमंडळात अशा सभासदांच्या कामाला अशासकीय कामकाज म्हणतात आणि आपल्या भोपाळच्या विधानसभेतही अशासकीय संकल्प हा शब्द रूढ आहे. या सभासदाच्या हाती दोन मुख्य साधने असतात. पहिले विधेयक, ते दोन्ही सभागृहांत संमत होऊन राष्ट्रपतींची मान्यता मिळाली की त्याचा कायदा होतो. दुसरे ठराव; त्याने कायदा होत नाही, परंतु सभागृहाचे मत नोंदले जाते आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागते.

आता वेळेचा हिशेब पाहू. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांपैकी २६ वा नियम सांगतो की शुक्रवारच्या बैठकीचे अखेरचे अडीच तास खाजगी सभासदांच्या कामासाठी राखावेत. एका शुक्रवारी विधेयके, तर पुढच्या शुक्रवारी ठराव, असा क्रम असतो. एखाद्या शुक्रवारी बैठकच नसेल तर त्याच आठवड्यातील दुसऱ्या दिवशी अडीच तास द्यावेत असा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. राज्यसभेतही शुक्रवारचेच अडीच तास या कामासाठी असतात. समजा, एखाद्या अधिवेशनात चार शुक्रवार आले. त्यांपैकी दोन विधेयकांचे. म्हणजे सर्व मिळून पाच तास. एका विधेयकाला दोन तास धरले तर दोन विधेयके पुरी होतात आणि तिसऱ्याची जेमतेम सुरुवात होते. उलट, एका लोकसभेच्या कारकीर्दीत खाजगी विधेयके मांडली जातात ती शेकड्यांनी. अर्थात प्रश्न उरतो तो क्रमाचा.

हा क्रम लावण्याची रीत मोठी लक्षात घेण्याजोगी आहे. विधेयक मांडू इच्छिणाऱ्या सभासदाने सामान्यतः एक महिन्याची सूचना द्यावयाची असते. सोबत विधेयकाचा मसुदा, त्यामागील उद्देश व कारणे, आणि सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर त्याचा अंदाज द्यावा लागतो. असा खर्च करावयास लावणाऱ्या विधेयकाचा विचार राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून होऊ शकत नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्याने या एका अटीपाशीच सरकारच्या हाती मोठी किल्ली राहते. विधेयक मांडण्याचा पहिला टप्पा बहुधा विरोधावाचून पार पडतो. खरी अडचण पुढे, चर्चेसाठी दिवस मिळविताना येते. तेथे सोडत काढली जाते. ठरावांच्या बाबतीत तर प्रथम नावांचीच सोडत निघते, आणि पहिल्या तिघांना प्रत्येकी एक ठराव देण्याची संधी मिळते. सभासद किती विद्वान आहे किंवा किती मतांनी निवडून आला आहे, हे चिठ्ठीला कळत नाही. सर्वांना सारखे मानण्याचा हा मार्ग सरळ खरा, परंतु त्यात एक उणीव आहे. किरकोळ विषयाचे नाव आधी निघून अत्यंत निकडीचा विषय मागे राहू शकतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी एक समिती नेमली जाते. खाजगी सभासदांच्या विधेयकांचा विचार करणारी ही समिती लोकसभेत प्रथम १ डिसेंबर १९५३ रोजी स्थापन झाली. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. या समितीत १५ सभासद असतात. मांडल्या गेलेल्या विधेयकांची निकड आणि महत्त्व पाहून ती त्यांचे अ आणि ब असे दोन वर्ग करते. अ वर्गातील विधेयकांना अग्रक्रम मिळतो. कोणत्या विधेयकाला किंवा ठरावाला किती तास द्यावेत याची शिफारसही तीच करते. घटनादुरुस्ती सुचविणारे खाजगी विधेयक मांडले जाण्यापूर्वी या समितीच्या नजरेखालून जावे लागते. लोकसभेचे उपाध्यक्ष समितीवर असले तर तेच तिचे प्रमुख होतात. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या सबंध मुदतीत मात्र उपाध्यक्षाची निवडच झाली नाही, ही गोष्ट येथे नमूद करावयास हवी.

या व्यवस्थेतून निष्पन्न काय झाले? स्वातंत्र्यानंतर आजवर केवळ १४ खाजगी विधेयकांचा कायदा झाला. त्यांपैकी नऊ लोकसभेत आणि पाच राज्यसभेत प्रथम मांडली गेली होती. एकट्या १९५६ साली सहा कायदे झाले, आणि त्यांतील एक आपल्या माळव्याच्या सुपुत्राचा आहे. सीतामऊचे महाराजकुमार डॉ. रघुबीर सिंह हे मध्य भारतातून राज्यसभेवर गेलेले इतिहाससंशोधक. माळव्यातील मराठी अंमलाच्या काळावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि रियासतकार सरदेसायांशी त्यांचा दीर्घ स्नेह होता. राष्ट्रीय महत्त्वाच्या प्राचीन वास्तूंविषयीच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे त्यांचे विधेयक १९५४ चे. त्याचा कायदा १९५६ साली झाला. त्याच वर्षी मध्य प्रदेशाच्या डॉ. सीता परमानंद यांचे हिंदू विवाह कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक संमत झाले. आणि फिरोज गांधी यांचे विधेयकही त्याच सालातले. संसदेत जे बोलले गेले त्याचा प्रामाणिक वृत्तांत छापल्याबद्दल वृत्तपत्रावर खटला चालू नये, असे संरक्षण त्याने दिले, आणि नभोवाणीवरून दिलेल्या वृत्तांतालाही ते लागू केले. फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई. तरीही ते खाजगी सभासदच होते. आणीबाणीत १९७६ साली हा कायदा रद्द झाला. १९७७ साली ते संरक्षण पुन्हा मिळाले, आणि पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने त्याला राज्यघटनेतच स्थान दिले. आपल्या हाती पडणाऱ्या दैनिकातील संसदेचे वृत्त निर्धास्तपणे छापले जाते, त्याच्या मुळाशी एका खाजगी सभासदाचे विधेयक आहे.

चौदांतील शेवटचे विधेयक १९७० साली कायदा झाले. सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपील करण्याची कक्षा वाढविणारे ते विधेयक आनंद नारायण मुल्ला यांचे. तेव्हापासून आजपर्यंत एकाही खाजगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. याचे एक कारण राजकीय आहे. उपयुक्त सूचना दुसऱ्याच्या नावाने संमत होऊ देण्यापेक्षा ती स्वतःच्या विधेयकात घेणे सरकारला सोयीचे वाटते. मंत्री उठून सांगतात की सरकार या प्रश्नाचा विचार करीत आहे, तेव्हा माननीय सभासदांनी विधेयक मागे घ्यावे. आणि सभासद ते मागे घेतात. दुसरे कारण अगदी व्यावहारिक, म्हणजे शुक्रवारची दुपार. पुढे शनिवार-रविवार असल्याने सभासदांना आपापल्या मतदारसंघाची ओढ लागलेली असते. लोकसभेची गणपूर्ती एकदशांशाची, म्हणजे ५५ सभासदांची. तेवढी उपस्थितीही नाही असे कोणी निदर्शनास आणले तर घंटा वाजवावी लागते आणि संख्या न भरल्यास बैठकच थांबते. त्यातच गोंधळामुळे शुक्रवारची बैठक तहकूब झाली, तर सरकारी काम सोमवारी घेता येते. खाजगी सभासदाचा शुक्रवार मात्र हातचा जातो. लोकसभेची मुदत संपली की तिच्यापुढे पडून राहिलेली विधेयकेही रद्द होतात.

मग हे अडीच तास म्हणजे निव्वळ उपचार समजावेत काय? तसे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते खाजगी सभासद म्हणूनच. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परंतु विचार मेला नाही. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला, आणि तेही खाजगी विधेयकच होते. मुंबईच्याच कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव संमत करून घेतला. तो कायदा नव्हता, निव्वळ ठराव होता. पण त्याच्या आधारे महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तो हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारा १९३७ चा कायदा मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खाजगी विधेयकातून निघाला. आपल्या काळातील उदाहरण घ्यावयाचे तर तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी संमत केले. लोकसभेत ते संमत झाले नाही, परंतु सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ साली त्या विषयाचा कायदा झाला. त्या कायद्याविषयी मतभेद आहेत. तथापि विषय राष्ट्राच्या पुढ्यात आणण्याचे काम एका शुक्रवारने केले, हे नाकारता येणार नाही.

ज्या ब्रिटिश संसदेकडून ही रीत आपण घेतली, तेथेही हाच पेच आहे. तेथे एका अधिवेशनात सामान्यतः तेरा शुक्रवार खाजगी विधेयकांना मिळतात आणि सोडतीत वीस नावे काढली जातात. फाशीची शिक्षा बंद करणारा १९६५ चा कायदा आणि गर्भपाताविषयीचा १९६७ चा कायदा हे दोन्ही तेथे खाजगी विधेयकांतून झाले. परंतु त्या वेळच्या सरकारने आपल्या वेळातला वेळ त्यांना दिला, म्हणूनच ते तडीस गेले. दोन्ही देशांचा अनुभव एकच सांगतो. खाजगी सभासदाला बोलण्याची बंदी कोणीच केलेली नाही. त्याची कोंडी होते ती वेळेच्या अभावी.

यावर उपाय काय? अडीच तास शुक्रवारऐवजी आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवावेत. बुडालेला शुक्रवार त्याच अधिवेशनात भरून देण्याचे बंधन असावे. आणि अ वर्गातील निदान एकदोन विधेयकांवर दरवर्षी प्रत्यक्ष मतदान व्हावे. यांपैकी कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. नियमांत थोडा बदल आणि सर्व पक्षांची संमती एवढे पुरेसे आहे.

इंदूरच्या नागरिकांनी या प्रश्नाकडे अधिक जवळून पाहावे असे मला वाटते. १९८९ पासून २०१९ पर्यंत या मतदारसंघाने सुमित्राताई महाजन यांना लागोपाठ आठ वेळा लोकसभेत पाठविले, आणि त्यांपैकी अखेरची पाच वर्षे त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे शुक्रवारच्या त्या तासांची राखण करणाऱ्या आसनावर इंदूरची प्रतिनिधी बसलेली या शहराने पाहिली आहे. परंतु अध्यक्ष कितीही दक्ष असले तरी रिकाम्या बाकांना ते बोलते करू शकत नाहीत. ते काम मतदारांच्या धाकाने होते. आपला खासदार गावी आला की रस्ते, गाड्या आणि पाणी यांविषयी आपण त्याला अवश्य विचारतो. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत: गेल्या अधिवेशनात आपण कोणत्या विधेयकाची किंवा ठरावाची सूचना दिलीत? सोडतीत व वर्गवारीत त्याचे काय झाले? आणि शुक्रवारी दुपारी सभागृहात आपण होता काय? या प्रश्नांची उत्तरे छापील कार्यवृत्तात सापडतात, आणि चर्चा दूरचित्रवाणीवर पाहावयास मिळते. खासदाराला हे प्रश्न नियमाने विचारले जाऊ लागले, तर शुक्रवारी दुपारची गाडी गाठण्याची घाई करण्यापूर्वी तो थोडा विचार करील.